कुलूप लावल्यानंतरचं घर

ब्रिटनमधल्या ओळखीच्या कुणी फ्रान्सच्या खेड्यात घर घ्यायचं मनावर घेतलं की आमच्याकडे फोन येतो. मग फोटो येतात: दगडी भिंती, निळी झडपं, मागे अक्रोडाचं झाड. प्रश्न साधारण ठरलेले असतात. नोतेरचे (खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाचे) किती द्यावे लागतात, बँकेत खातं कसं उघडायचं, इंटरनेट पोचतं का. मी जमेल तशी उत्तरं देते, पण त्याआधी एक प्रश्न मी विचारते. जानेवारीत, तुम्ही लीड्समध्ये असताना, या घरात काय चाललेलं असेल? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. त्यांनी घर जुलैत पाहिलेलं असतं आणि मनातही जुलैच असतो.

खेड्यातलं हे दुसरं घर वर्षातला बहुतेक काळ बंद राहणार आहे. आपण तिथे असतो तेव्हा घर सांभाळणं अवघड नाही. नळ गळला तर दिसतो, कौल सरकलं तर माळ्यावर ओल येते आणि शिडी लावता येते. कुलूप लावल्यावर हे सगळं बघायला कुणी नसतं. म्हणून मला जो काही सल्ला द्यायचा आहे तो त्या बंद महिन्यांबद्दलचा आहे. पाणी, भिंती, व्हिसा, कर, शेजार, वारसा, सगळ्याचा विचार मी तिथूनच करते.

आमचं घर क्रूझ जिल्ह्यात आहे, गेरे आणि ओब्यूसाँ या दोन गावांच्या मधल्या एका वाडीत. फ्रान्सच्या नकाशाच्या मध्याजवळ. नैर्ऋत्येकडच्या दोर्दोन्य जिल्ह्यासारखी इंग्रजांची गर्दी इथे नाही आणि किमतीही तशा नाहीत. त्या कमी का, हे घर घेणाऱ्यानं समजून घ्यावं असं मला फार वाटतं. क्रूझ हा गवंड्यांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात इथले पुरुष दर वसंतात पायी पॅरिसला जात, तिथल्या इमारती बांधत आणि हिवाळ्यात परत येत. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच एक. जन्म १८१५, सूब्रबोस्त गावच्या एका वाडीतला. गवंडीकाम करता करता तो लोकप्रतिनिधी झाला, १८५१ च्या सत्तापालटानंतर हद्दपार होऊन इंग्लंडला गेला आणि तिथे विंबल्डनच्या एका शाळेत फ्रेंच शिकवू लागला. पुढे माणसांनी परत येणं हळूहळू सोडलं. १८५१ साली या जिल्ह्यात सुमारे २ लाख ८७ हजार लोक राहत होते, आज सव्वा लाखसुद्धा नाहीत. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे चाकरमान्यांनी उभी केलेली आणि त्यांच्याचमुळे रिकामी झालेली घरं मी लहानपणापासून बघितली आहेत. क्रूझमधलं पहिलं बंद दार बघितलं तेव्हा ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तुम्ही जे घर स्वस्तात घेता त्यामागे कुणाचं तरी जाणं आहे. वाडीत अजून राहणाऱ्यांना ते जाणं आठवत असतं. आणखी एक घर वर्षभर अंधारात राहणार का, ही त्यांची काळजी रास्त आहे.

आता पाणी. इथली उंची पाचशे-सहाशे मीटर, त्यामुळे थंडीच्या लाटेत पारा उणे दहापर्यंत उतरू शकतो. पाईपमधलं पाणी गोठलं की ते फुगतं आणि तांब्याची नळी उभी चिरते. गोठलेलं असेपर्यंत काही कळत नाही. बर्फ वितळलं की पाणी वाहायला लागतं, आणि तुम्ही तिथे नसाल तर ते ईस्टरपर्यंत वाहतं. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी निघताना स्वयंपाकघरातला नळ बंद करून भागत नाही. पाण्याचा मीटर सहसा फाटकाजवळ जमिनीतल्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली असतो. तिथला मुख्य वॉल्व्ह बंद करायचा. मग घरातला सगळ्यात खालचा निचऱ्याचा नळ उघडायचा आणि वरच्या मजल्यापासून एकेक तोटी उघडत खाली यायचं, म्हणजे हवा आत शिरते आणि पाणी पूर्ण उतरतं. शॉवरची लवचीक नळी खाली काढून ठेवायची. संडासची टाकी फ्लश करून तळाचं पाणी स्पंजनं टिपायचं. गरम पाण्याच्या टाकीची वीज आधी तोडायची, मगच ती रिकामी करायची. बेसिनच्या आणि न्हाणीच्या खालच्या वाकड्या नळीत पाणी उरतंच, तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल ओतायचं. गाडीचं अँटीफ्रीझ ओतू नका, ते विषारी असतं आणि शेवटी तुमच्याच सेप्टिक टँकमध्ये जातं. कपडे आणि भांडी धुण्याच्या यंत्रांच्या पंपात पाणी अडकलेलं असतं, त्यांचा निचऱ्याचा कार्यक्रम एकदा चालवायचा. मीटरच्या खड्ड्यात थर्माकोलची पाटी बसवायची. पेंढा घालू नये, तो ओला होऊन आणखी थंडी धरतो. शेवटी मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा. या सगळ्याला अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस प्रवासाच्या वेळापत्रकात आधीच धरावा, विमानाच्या तीन तास आधी हे काम उरकता येत नाही.

एवढं करूनही कुठे गळती झालीच तर २०११ च्या एका कायद्याचा आधार आहे. मीटरपासून घराकडे जाणाऱ्या पाईपमध्ये गळती झाली आणि बिल अचानक फुगलं, तर तुमच्या नेहमीच्या सरासरी वापराच्या दुपटीपलीकडचे पैसे पाणीपुरवठ्याला मागता येत नाहीत. अट अशी की त्यांनी कळवल्यापासून एका महिन्याच्या आत प्लंबरकडून दुरुस्ती करून तसा दाखला द्यायचा. पण कळवणारं पत्र जातं ते त्या बंद घराच्या पेटीत. तेव्हा पाणी, वीज, विमा, कर, सगळीकडे पत्रव्यवहाराचा पत्ता ब्रिटनचा द्या आणि जमेल तिथे ईमेलही द्या. पेटी पोस्टमनला वापरण्याजोगी ठेवा आणि ती उघडणारं कुणीतरी गावात असू द्या. विजेचा लिंकी मीटर असेल तर रोजचा वापर दुसऱ्या दिवशी फोनवर दिसतो. बंद घराचा वापर एकाएकी चढला की काहीतरी चालू राहिलंय किंवा कुणीतरी आत आलंय हे कळतं.

भिंतींबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण याबाबतीत चांगल्या हेतूनं फार नुकसान केलं जातं. क्रूझची जुनी भिंत म्हणजे ग्रॅनाइटच्या दगडांचे दोन थर आणि मध्ये माती-खडीचा भराव. जाडी अर्धा मीटर, कधी त्याहून जास्त. पायात ओल रोखणारा थर नसतो, जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. मूळ बांधणाऱ्यानं दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, माती आणि चुन्यानं भरल्या, त्या मऊ आणि सच्छिद्र असतात, ओल त्यांतून बाहेर पडते. सिमेंट आल्यावर लोकांनी त्याच दरजा सिमेंटनं भरल्या. दिसायला नीटनेटकं झालं, पण ओलीची वाट बुजली. मग ती आतल्या बाजूला येते, गिलावा फुगतो आणि भिंतीत रोवलेली तुळईची टोकं कुजायला लागतात. महिनोनमहिने बंद असलेल्या घरात हे आणखी वेगानं होतं, कारण आत ना ऊब ना वारा.

आमच्या वायव्येच्या भिंतीचं काम एका वयस्कर गवंड्यानं केलं. दरजातलं सिमेंट त्यानं छिन्नीनं, दगडाच्या कडा न दुखावता, बोटाच्या दोन पेरांइतकं खोल काढलं. पोकळी ब्रशनं झाडली आणि पाण्यानं भिजवली. भिजवलं नाही तर कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि दरजेची भुकटी होते. मग निसर्गतः पाण्यात घट्ट होणारा चुना आणि गावच्या खाणीतली पिवळसर वाळू कालवून ती अरुंद थापीनं दाबून दाबून भरली. दुसऱ्या दिवशी ती अर्धवट आवळल्यावर ताठ ब्रशनं खरवडली, त्यामुळे वाळूचे कण वर आले आणि भिंत आजूबाजूच्या घरांसारखी दिसू लागली. थंडीत त्यानं कामाला हात लावला नाही. पारा पाचच्या वर राहणार असेल तरच चुना, असं त्याचं म्हणणं, आणि भर उन्हातही नको. एक भिंत व्हायला सिमेंटपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. पुढच्या वसंतात घर उघडलं तेव्हा त्या भिंतीमागच्या खोलीतला बुरशीचा वास गेला होता. जुनं दगडी घर घेणाऱ्याला मी दुसरं काही सांगितलं नाही तरी एवढं सांगते: सिमेंट नको, आणि आतून प्लास्टिकचा रंगही नको.

माणूस कामाला लावताना त्याचा चौदा आकडी सीरे नोंदणी क्रमांक बघा, लेखी अंदाजपत्रक घ्या आणि दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा दाखला काम सुरू होण्याआधी मागा. दाखला मागितल्याचा चांगल्या कारागिराला राग येत नाही. इंग्रजी बोलणारा, रोखीनं आणि स्वस्तात काम करणारा देशबंधू मोहात पाडतो. पण नोंदणी नसेल तर हमी नाही, आणि छप्पर तीन वर्षांनी बसलं तर दाद मागायला जागा उरत नाही.

छपराचं थोडक्यात. पानगळ संपल्यावर पन्हळी साफ हव्यात, नाहीतर पाणी भिंतीत उतरतं. चिमणी वर्षातून किमान एकदा झाडून घ्या आणि झाडणाऱ्याचा दाखला जपून ठेवा, आग लागली तर विमा कंपनी आधी तोच मागते. माळ्यावर फुईन नावाचं मुंगसासारखं दिसणारं जनावर शिरतं आणि छताखालची ऊब टिकवणारी लोकर उपसून बिळं करतं. बारीक जाळी लावून वाटा बंद करा, मात्र पिल्लं आत नाहीत याची खात्री झाल्यावर.

शहरातून आलेल्या माणसाला सेप्टिक टँकची सवय नसते. वाड्यांत सहसा गटार नसतं, प्रत्येक घराची सांडपाण्याची सोय स्वतःची, आणि तिची तपासणी करणारं स्पांक नावाचं सरकारी खातं आहे. विक्रीच्या वेळी त्यांचा तीन वर्षांच्या आतला अहवाल विक्रेत्यानं द्यावाच लागतो. अहवालात यंत्रणा नियमाबाहेर असल्याचं लिहिलं असेल तर ती वर्षभरात नीट करण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येते. नवी यंत्रणा काही हजार युरोंची असते, तेव्हा हा आकडा घराच्या किमतीशी घासाघीस करतानाच धरायचा. बंद घरवाल्यांनी आणखी एक बघावं. विजेवर चालणाऱ्या काही छोट्या यंत्रणांतले जंतू रोजच्या सांडपाण्यावर जगतात, आणि महिनोनमहिने काहीच आलं नाही तर ते मरतात. अधूनमधून राहणाऱ्यासाठी वाळूच्या गाळणीसारखी साधी सोय बरी. विक्रेता काहीही म्हणो, हा प्रश्न स्पांकच्या माणसालाच विचारा.

आणि आता नव्वद दिवस. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटिश पासपोर्टवाला नोव्हेंबरात जाऊन मार्चपर्यंत तिथे राहू शकत होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे (ब्रेक्झिट) १ जानेवारी २०२१ पासून कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस, तेही सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, मिळून. स्पेनमधला आठवडा त्यातच मोजला जातो. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. आणि हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नाहीत. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. त्यामुळे आता मोजदाद संगणक करतो आणि एक दिवस जास्त झाला तरी तो दिसतो. २०२० अखेरपर्यंत जे तिथे रीतसर राहत होते त्यांच्याकडे ब्रेक्झिट कराराखालचं वेगळं कार्ड आहे, त्यांना फ्रान्समध्ये ही मोजणी लागू नाही.

आमच्यासारख्या भारतातून आलेल्यांनी आयुष्यात बऱ्याच व्हिसाच्या रांगा बघितल्या आहेत. पण शेजारच्या गावातलं एक इंग्रज जोडपं, निवृत्त, वीस-एक वर्षं दर हिवाळा इथे काढलेलं, त्यांना स्वतःच्याच घरी राहण्यासाठी बँकेची कागदपत्रं गोळा करावी लागली तेव्हा त्यांना झालेलं दुःख मी जवळून पाहिलं आहे. घरमालक ब्रिटिशांना आपोआप दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळावा अशी तरतूद फ्रेंच संसदेनं २०२३ च्या शेवटी स्थलांतराच्या कायद्यात घातली होती. २५ जानेवारी २०२४ ला, कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या घटना परिषदेनं ती काढून टाकली. मूळ विधेयकाशी तिचा संबंध नाही, हे कारण. त्या दिवशी आमच्या बाजारातल्या कॅफेत दुसरा विषय नव्हता, आणि फ्रेंच शेजाऱ्यांनाही त्याचं वाईट वाटत होतं.

तेव्हा जास्त राहायचं तर अर्ज करायचा. चार ते सहा महिन्यांसाठी तात्पुरता दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो, त्यावर नंतर राहण्याचं कार्ड काढावं लागत नाही आणि त्यातले दिवस नव्वदांत धरले जात नाहीत. अर्ज फ्रान्स-व्हिसाजच्या सरकारी संकेतस्थळावर, निघण्याच्या आधी तीन महिन्यांहून लवकर नाही. फी ९९ युरो. उत्पन्नाचा पुरावा, आरोग्य विमा, घराचं खरेदीखत आणि फ्रान्समध्ये नोकरी करणार नाही असं लेखी, एवढं जोडायचं. हा व्हिसा दर वर्षी नव्यानं काढावा लागतो. व्हिसा न घेणाऱ्यांना मी सांगते की नव्वदांतले काही दिवस घरासाठी राखून ठेवा: ऑक्टोबरअखेरचा आठवडा घर बंद करायला आणि मार्च-एप्रिलचा आठवडा उघडायला. सगळे दिवस उन्हाळ्यात संपवले की घराच्या नाजूक वेळी मालक कायद्यानंच बाहेर असतो. सीमेवर घरपट्टीच्या बिलाची प्रत जवळ असू द्या, कुठे राहणार हा प्रश्न हमखास येतो.

करांचं फारसं अवघड नाही, फक्त ते विसरले जातात. १ जानेवारीला जो मालक असेल त्याला त्या वर्षीची घरपट्टी, ताक्स फोंसिएर, भरावी लागते, बिल शरद ऋतूत येतं. राहण्याचा कर, ताक्स दाबितासिओं, मुख्य घरांसाठी २०२३ पासून रद्द झाला, पण दुसऱ्या घरांना तो अजून आहे आणि डिसेंबरात भरायचा असतो. घरांची टंचाई असलेल्या भागांत पालिका त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावू शकतात. घर कोण आणि कसं वापरतं याची माहिती २०२३ पासून कर खात्याच्या संकेतस्थळावर द्यावी लागते, बदल झाला तर पुन्हा. फ्रेंच बँक खात्यातून परस्पर कापून जाण्याची सोय केली की निम्मी चिंता मिटते.

विमा काढताना हे दुसरं घर आहे आणि महिनोनमहिने बंद असतं, असं स्पष्ट लिहून घ्या. बऱ्याच पॉलिसींत थंडीत पाणी तोडलेलं आणि झडपं लावलेली असावीत अशी अट असते. चोरी झाली तर कळवायला कामकाजाचे दोन दिवस, इतर नुकसानीला पाच. पूर किंवा दुष्काळात चिकणमाती आकसून भिंतीला तडे जाणं यासारखी आपत्ती सरकारनं राजपत्रात जाहीर केली, तर जाहीर झाल्यापासून तीस दिवस. बंद घराच्या मालकाला हे दिवस तेव्हाच पाळता येतात जेव्हा गावातलं कुणीतरी त्याला फोन करतं.

तो फोन करणारं माणूस मिळणं, हे माझ्या दृष्टीनं घर घेण्याइतकंच मोठं काम आहे. आमच्या शेजारी एक शेतकरी आजोबा आणि आजी आहेत, त्यांच्या तांबूस लिमुझँ गाई आमच्या कुंपणाला लागून चरतात. आम्ही त्यांना आजही आदरार्थीच बोलतो आणि तेही आम्हाला. दुकानात, पोस्टात, रस्त्यात आधी बोंजूर, मग काम. दुपारी बारा ते दोन कुणाचं दार वाजवायचं नाही. घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जायचं, निघताना पुन्हा जायचं आणि परत कधी येणार ते सांगायचं. किल्ली त्यांच्याकडे असते. सोबत एका कागदावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं: मुख्य वॉल्व्ह कुठे, विजेचा बोर्ड कुठे, प्लंबरचा आणि विम्याचा नंबर, आमचा नंबर. वादळानंतर आजोबा छपराकडे नजर टाकतात, तेवढं शेजारधर्मात बसतं. पण दर महिन्याला घर उघडून हवा खेळवणं, गवत कापणं, याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. त्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवावा, आणि रीतसर. घरकामाच्या माणसाचा पगार आणि त्याचा सामाजिक विमा एकत्र भरण्याची सेझ्यू नावाची सोपी सरकारी पद्धत आहे.

घरामागे कुरण असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शेजारी शेतकरी विचारतो, गवत मी कापून नेऊ का? आपल्याला आनंदच होतो, कुरण साफ राहतं. पण त्याच्या बदल्यात त्यानं काही दिलं, पैसे किंवा दुसऱ्या कुठल्या रूपात मोबदला, आणि हे दर वर्षी होऊ लागलं, तर फ्रेंच कायदा त्याला शेतजमिनीचा भाडेपट्टा मानू शकतो. तो पट्टा नऊ वर्षांचा असतो, आपोआप वाढतो आणि मोडणं फार कठीण. म्हणून विनामोबदला वापराचा एक साधा लेखी करार करायचा, प्रेता युझाज म्हणतात त्याला. आजोबांनीच तो कागद आणायला सांगितला होता, दोन्ही घरांच्या पुढच्या पिढीत भांडण नको म्हणून. शेतजमीन विकताना साफेर नावाच्या संस्थेला ती आधी घेण्याचा हक्क असतो, खरेदीच्या वेळी नोतेर त्यांना कळवतो.

मेरी, म्हणजे गावचं पंचायत कार्यालय, आठवड्यातून दोन-तीनदाच उघडं असतं. तिथे घर घेतल्यावर लगेच जाऊन ओळख करून द्या. खिडकी मोठी करायची, झडपांचा रंग बदलायचा, पाच चौरस मीटरहून मोठी शेड उभी करायची, तर आधी तिथे अर्ज. ऐतिहासिक इमारतीपासून ५०० मीटरच्या आत असाल तर वारसा खात्याचा वास्तुरचनाकारही मत देतो. डिसेंबराच्या सुमारास अग्निशमनवाले कॅलेंडर घेऊन दारोदार जातात. त्यातले बहुतेक स्वयंसेवक असतात, बेकरीवाला, शिक्षक, सुतार. आपण तेव्हा तिथे नसतो, म्हणून आम्ही देणगी शेजाऱ्यांकडे आधीच देऊन ठेवतो. रात्री चिमणी पेटली तर हीच माणसं येणार असतात. इमारती सामान, चीज, वाइन, लाकूड, सगळं तिथेच घ्या. मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमधून नेता येत नाहीतच. लाकूड स्तेरवर विकतात, मीटरभर लांबीच्या ओंडक्यांचा एक घनमीटर रचला की एक स्तेर, आणि ओकचं लाकूड दोन वर्षं वाळलेलं हवं. गावची एकुलती बेकरी आपल्या चार पावांवर चालत नाही हे खरं, पण बंद घरांच्या गावात ती कशी बंद पडते हे मी आजूबाजूला बघितलं आहे. म्हणून आम्ही तिथे असतो तेव्हा सुपरमार्केटमधून पाव आणत नाही.

राहिली वारशाची गोष्ट. लोक ती टाळतात. फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्यानं राखीव आहे: एक मूल असेल तर अर्धी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. तेवढा भाग मृत्युपत्रानंही दुसऱ्याला देता येत नाही. १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार माणसाला आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो, आणि फ्रान्समध्ये घर असलेल्या ब्रिटिश नागरिकालाही ती निवड करता येते. पण २०२१ मध्ये फ्रान्सनं नवा कायदा केला. परदेशी कायद्यात मुलांना राखीव वाटा नसेल तर काही अटींवर वगळलेलं मूल फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई मागू शकतं. शिवाय कायदा कुठलाही निवडा, कर फ्रेंचच लागतो. नवरा-बायकोला तो माफ आहे. मुलाला प्रत्येक पालकाकडून १ लाख युरोपर्यंत सूट आहे. सावत्र मुलाला किंवा लग्न किंवा रीतसर नोंदणी न करता सोबत राहणाऱ्या जोडीदाराला ६० टक्के. दुसऱ्या लग्नाच्या घरांत हा आकडा सगळं उलथवून टाकतो, म्हणून खरेदीच्या आधीच नोतेरला कुटुंबाची खरी मांडणी सांगा. मालकीच्या अटी खरेदीखतात लिहिल्या जातात, मागाहून बदलायच्या तर खर्च येतो. खरेदीदार आपला वेगळा नोतेर नेमू शकतो, फी तेवढीच राहते, दोघांत वाटली जाते.

मालक गेल्यावर घर मुलांच्या सामायिक मालकीत जातं. अशा मालकीचे हाल मराठी माणसाला सांगायला नकोत: एक भाऊ छप्पर करू म्हणतो, दुसरा विकू म्हणतो, तिसरा फोन उचलत नाही, आणि घर तोवर बंद. फ्रेंच कायद्यात कुणालाही सामायिकीत अडकवून ठेवता येत नाही, एकानं वाटणी मागितली की ती करावी लागते. म्हणून मुलांना आत्ताच विचारा की त्यांना हे घर हवं आहे का, त्यांना तिथली बिलं परवडतील का, नव्वद दिवसांतले किती ते तिथे देऊ शकतील. आम्ही आमच्या दोन्ही मुलांना विचारलं. मुलीला हवं आहे, मुलाला नको, आणि त्यानं ते मोकळेपणानं सांगितलं याचं मला समाधान आहे, कारण त्यानुसार आम्हाला कागद करता आले.

फ्रेंच पद्धतीचं स्वहस्तलिखित मृत्युपत्र पूर्ण आपल्या हातानं लिहावं लागतं, तारीख आणि सहीसकट. टाइप केलेलं चालत नाही, आणि नवरा-बायकोनं एकाच कागदावर लिहिलेलंही नाही, प्रत्येकाचं वेगळं हवं. ब्रिटनमधलं मृत्युपत्र करताना ते आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द करतं असं सरधोपट वाक्य वकील घालतात. त्यामुळे फ्रान्सचा कागद अनवधानानं रद्द होऊ शकतो, तेव्हा दोन्हीकडच्यांना एकमेकांचे मसुदे दाखवा. मृत्यू ब्रिटनमध्ये झाला तर फ्रेंच वारसा कराचं विवरण बारा महिन्यांत द्यायचं असतं, फ्रान्समध्ये झाला तर सहा. मृत्युपत्र नोतेरकडे ठेवलं की तो केंद्रीय नोंदवहीत त्याची नोंद करतो, आणि मग मुलं फ्रान्समधल्या कुठल्याही नोतेरकडे गेली तरी ते कुठे ठेवलंय हे सापडतं. नोंदणीचा खर्च थोडा आहे आणि काम एका सकाळीत होतं.